एमएसएक्स-२ वरचे बाजूला पडलेले गेम: कोणते निवडावेत आणि कसे चालवावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: जपानहून आणलेला एमएसएक्स-२, म्हणजे १९८० च्या दशकातला घरगुती संगणक, हाताशी आहे, ‘मेटल गिअर’, ‘ग्रेडियस’ आणि ‘अलेस्ट’ खेळून झाले आहेत. आता फारसं कोणी नाव न घेणारे, तरीही वेळ सार्थकी लावणारे गेम कोणते? आणि ते भारतात बसून, खऱ्या यंत्रावर किंवा एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर), नीट कसे चालवायचे?

आधी निवडीची कसोटी. गेमचं नाव किती मोठं आहे ते पाहू नका, तो याच यंत्रासाठी बांधलेला आहे का ते पाहा. एमएसएक्समध्ये चित्र काढणारी व्हीडीपी चिप स्वतःची वेगळी मेमरी बाळगते. झेड-८० प्रोसेसरला त्या मेमरीत थेट हात घालता येत नाही, एकेक बाइट पोर्टमधून सरकवावा लागतो. ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रममध्येही झेड-८०च आहे, पण तिथे पडद्याची मेमरी मुख्य मेमरीचाच भाग आहे. १९८० च्या दशकात युरोपातल्या कंपन्यांनी स्पेक्ट्रमचा कोड जवळपास जसाच्या तसा उचलून एमएसएक्सवर आणला. ते गेम दोनरंगी आणि रखडत चालणारे झाले, आणि त्यांच्यामुळे यंत्राचं नाव उगाच खराब झालं. तेव्हा स्पेक्ट्रमवरून आलेलं सगळं सरळ बाजूला ठेवा.

एमएसएक्स हे घरगुती संगणकांचं सामाईक मानक. ते आस्की ही जपानी कंपनी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी जून १९८३ मध्ये जाहीर केलं, दुसरी पिढी १९८५ ची. या पिढीतली व्ही९९३८ ही चित्रचिप ५१२ रंगांतून १६ निवडून २५६ × २१२ ठिपक्यांचं चित्र काढते, आणि बहुतेक जपानी यंत्रांत तिला १२८ केबी मेमरी दिलेली असते. पडदा वरखाली सरकवायला तिच्यात रजिस्टर (आकडा ठेवायचा छोटा कप्पा) आहे. आडवा सरकवायला नाही, ती सोय १९८८ च्या एमएसएक्स-२+ मध्ये व्ही९९५८ चिपबरोबर आली. एमएसएक्स-२ च्या चांगल्या गेमचा सगळा घाट या एका उणिवेभोवती ठरला आहे. काहींनी खेळ उभा सरकणारा केला, काहींनी पडदा न सरकवता खोलीमागून खोली दाखवली, आणि दोन-चार जणांनी युक्तीने आडवा पडदाही सरकवला. खालची निवड त्याच अंगाने केली आहे.

गेमकडे वळण्याआधी दोन गोष्टी तपासा, नाहीतर चांगला गेमही मरगळलेला वाटेल. पहिली म्हणजे ६० हर्ट्झ. जपानी यंत्र ६० हर्ट्झवरच सुरू होतं. फिलिप्सची एनएमएस ८२४५ किंवा ८२५० यांसारखी युरोपीय यंत्रं ५० वर सुरू होतात. जपानी गेममधली हालचाल आणि संगीत दोन्ही पडद्याच्या इंटरप्टवर, म्हणजे दर चित्रामागे प्रोसेसरला मिळणाऱ्या संकेतावर, चालतात, म्हणून ५० वर सगळं ८३ टक्के वेगाने चालतं. घरातली वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून गेम मंद होईल ही भीती मात्र खोटी आहे. पडद्याचा वेग यंत्रातल्या क्रिस्टलवरून ठरतो, त्याचा प्लगातल्या विजेशी संबंध नाही. युरोपीय यंत्रावर बेसिक या यंत्रातल्याच प्रोग्रामिंग भाषेतून बदल करायचा तर व्हीडीपी(१०) ची किंमत २५३ शी ‘अँड’ करून तिथेच परत लिहायची. परत ५० हवं असेल तर २ शी ‘ऑर’ करायची. बेसिकमधला दहा क्रमांक म्हणजे चिपमधलं नववं रजिस्टर, हा घोळ पुस्तिका वाचताना हमखास होतो. रीसेट केलं की ही सेटिंग पुसली जाते, त्यामुळे खऱ्या कार्ट्रिजला तिचा उपयोग नाही. फ्लॅश कार्ट्रिजवर (ज्यात गेमच्या फाइल भरून चालवता येतात) ‘सोफारन’सारखा लोडर, म्हणजे गेम सुरू करून देणारा प्रोग्राम, असेल तर त्यात ६० हर्ट्झचा पर्याय निवडा. एम्युलेटरवर जपानी यंत्रच निवडा.

दुसरी गोष्ट एससीसी. ही कोनामी या जपानी गेम-कंपनीची ध्वनिचिप संगणकात नसते, कार्ट्रिजमध्ये असते. १९८७ च्या ‘ग्रेडियस २’ पासून ती आली. तिचे पाच आवाज असतात, प्रत्येक आवाजाचा आकार ३२ बाइटांत लिहिलेला असतो, आणि चौथा व पाचवा एकच आकार वाटून घेतात. यंत्रातल्या पीएसजी या मूळ ध्वनिचिपचे तीन आवाज त्यात मिळवले की आठ होतात. फ्लॅश कार्ट्रिज घेताना त्यात एससीसी खरोखर आहे याची खात्री करा. मेगाफ्लॅशरॉम एससीसी+ एसडी आणि कार्निव्होर-२ या दोन्हींत ती आहे. रॉम फाइल (कार्ट्रिजमधल्या गेमची प्रत) चालवताना मॅपरचा, म्हणजे मोठा गेम मेमरीत तुकड्या-तुकड्यांनी आणणाऱ्या रचनेचा, प्रकार चुकीचा निवडला गेला तर चित्र तुकड्या-तुकड्यांत येतं, किंवा गेम नावाच्या पाटीवर थिजतो, किंवा सगळं चालतं पण निम्मं संगीत गायब असतं. कोनामीचे साधे आणि एससीसीवाले असे दोन मॅपर आहेत आणि त्यांचे बँक बदलण्याचे पत्ते वेगळे आहेत. लोडरने चूक केली तर प्रकार हाताने द्या.

आता गेम. कोनामीचा ‘उषस्’ पहिला घेतो. १९८७ चा, एमएसएक्स-२ चा, आणि युरोपातही विकला गेलेला. रोमन अक्षरांतलं नाव वाचून लोक ‘युसास’ असं काहीतरी म्हणतात, जपानी लिपीत मात्र ते स्वच्छ ‘उशासु’ आहे, म्हणजे ऋग्वेदातली पहाटेची देवता. तिच्या रत्नाचे चार तुकडे झाले आहेत आणि ते अवशेषांतून शोधायचे आहेत, एवढीच गोष्ट. विट आणि क्लेस अशा दोघांतून एकाला निवडून टप्प्यात उतरायचं. विटकडे पिस्तूल आहे, तो दुरून मारतो. क्लेस हाता-पायांनी लढतो, त्याला जवळ जावं लागतं, पण त्याची उडी उंच आहे. या गेमचं वेगळेपण म्हणजे मनोवस्था. आनंद, राग, दुःख आणि निवांतपणा अशी चार पत्ती वाटेत मिळतात. पत्तं उचललं की पात्राची अवस्था बदलते आणि तिच्याबरोबर मारण्याची पद्धतही. नवखा खेळाडू दिसेल ते पत्तं उचलतो आणि ऐन गर्दीत हातातलं चांगलं हत्यार घालवून बसतो. पत्त्यांवरून उडी मारून जायला शिकणं हाच पहिला धडा. नाणी जमवत राहा, ती वेग आणि उडी यांसारख्या गोष्टी वाढवायला लागतात. सुरुवातीला दोन्ही पात्रं मंद वाटतात, आणि पहिल्या दहा मिनिटांत गेम सोडून देणारे याच कारणाने सोडतात. नाणी खर्च करून एकदा वेग वाढवा, मग मत बनवा. यात एससीसी नाही, साधा पीएसजी आहे, तरीही संगीत सुरेख आहे.

‘व्हॅम्पायर किलर’ दुर्लक्षित म्हणावा का यावर वाद होईल. नाव सगळ्यांना माहीत आहे, खेळलेले फार कमी. १९८६ च्या शरद ऋतूत कोनामीने निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राच्या डिस्क सिस्टिमवर ‘अकुमाजो ड्रॅक्युला’ आणला आणि महिनाभराच्या अंतराने एमएसएक्स-२ वर हा. पात्रं आणि संगीत बरंचसं तेच, म्हणून याला ‘न सरकणारी कमअस्सल प्रत’ म्हणून मोडीत काढलं गेलं. प्रत्यक्षात हा वेगळाच गेम आहे. एकूण १८ टप्पे, आणि प्रत्येकात पांढरी किल्ली शोधल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. साध्या किल्ल्यांनी पेट्या उघडतात, भिंती फोडल्या की आत वस्तू सापडतात, फिरते विक्रेते हृदयांच्या बदल्यात माल देतात. काही टप्प्यांत डावीकडे चालत राहिलं की उजव्या टोकाने परत येता, त्यामुळे चौकटीच्या कागदावर नकाशा काढल्याशिवाय इलाज नाही. कुऱ्हाड आणि क्रूस फेकल्यावर परत येतात, ते झेलले नाहीत तर हत्यार कायमचं गेलं, हाती पुन्हा चाबूक. फेकून लगेच शिडी चढायला गेलात की हेच होतं. मेल्यावर ‘पुढे चालू’ ही सोय नाही. म्हणून हा गेम एम्युलेटरवर खेळणं कमीपणाचं मानू नका. प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला एकच स्थिती साठवा आणि हा नियम मोडायचा नाही असं ठरवा. मग गेमचा ताणही राहतो आणि संध्याकाळही वाया जात नाही.

उभ्या स्क्रोलकडे वळू. इथे यंत्र खऱ्या अर्थाने मोकळं होतं. तेविसावं रजिस्टर चित्र वरखाली सरकवतं, एकोणिसावं ठरावीक रेषेवर इंटरप्ट देतं. दोन्ही मिळून वरचा गुणफलक स्थिर ठेवून खालचं चित्र सरकवता येतं. ‘अलेस्ट’ याच बळावर पळतो. तो तुम्ही खेळलाच आहात. त्याच जातीचा, पण कोणाच्या यादीत न येणारा, म्हणजे कोनामीचा ‘हिनोतोरी’, १९८७. ओसामु तेझुका यांच्या अग्निपक्ष्यावरच्या चित्रकथेतल्या एका पर्वावर तो आधारलेला आहे. याच नावाचा फॅमिकॉमवरचा गेम बाजूने दिसणारा उड्यांचा आहे. दोघांचं नाव एक असल्याने लोक तो पाहून याच्याकडे फिरकत नाहीत. एमएसएक्स-२ चा गेम वरून दिसणारा, नायक पायी चालत वर सरकतो आणि गोळ्या मारतो. तो सरळ पुढे जाऊन संपत नाही. भाग एकमेकांना जोडलेले आहेत, दारं शोधावी लागतात, हव्या त्या वस्तू हातात नसतील तर त्याच मुलखात पुन्हा फिरावं लागतं. ‘हा तर संपतच नाही’ असं वाटलं की समजा एखादी वस्तू मागे राहिली. कागद-पेन्सिल इथेही हवी. रंगसंगती पाहाच, १६ रंगांत काय होऊ शकतं याचा हा उत्तम नमुना आहे.

टी अँड ई सॉफ्टचा ‘अनडेडलाइन’ (१९८९) याच धाटणीचा, पण कठोर. योद्धा, निंजा आणि जादूगार यांतून एक निवडायचा आणि टप्प्यांचा क्रमही आपणच ठरवायचा. पुढे तो शार्पच्या एक्स-६८००० संगणकावर आणि सेगाच्या मेगा ड्राइव्ह गेम-यंत्रावरही गेला. बहुतेकांनी तिथलाच पाहिला आहे. पेटीतून निघेल ते प्रत्येक हत्यार उचलू नका. एकाच हत्याराला धरून ते वाढवत नेणं परवडतं, दर मिनिटाला हत्यार बदललं की पहिल्या मोठ्या राक्षसासमोर हात रिकामे राहतात.

कंपाइल या हिरोशिमाच्या कंपनीचे दोन जुने गेम पहिल्या पिढीच्या यंत्रावरही चालतात, दोन्ही १९८६ चे. ‘झानॅक’मध्ये खेळाडूकडे पाहून शत्रूंची संख्या आणि चिवटपणा बदलतो. तुम्ही किती गोळ्या झाडता, हत्यार किती वाढलेलं आहे, किती वेळ जिवंत आहात, हे सगळं गेम मोजत असतो. म्हणून स्वयंचलित गोळीबाराचं जॉयस्टिक लावून बटण दाबून ठेवलंत तर दोन-तीन मिनिटांत पडदा शत्रूंनी भरून जातो आणि गेम अन्यायी वाटू लागतो. मोजून झाडा. ‘गार्डिक’ मला त्याहून अधिक मोलाचा वाटतो. एका स्थिर पडद्यावर एक लढाई, ती जिंकली की पुढच्या दिशेची निवड. सरकणारा पडदा जमत नाही म्हणून केलेली ही तडजोड इतकी नेटकी ठरली की कंपाइलने तीच कल्पना पुढे फॅमिकॉमवर ‘गार्डिक गायदेन’मध्ये वाढवली. तो गेम जपानबाहेर ‘द गार्डियन लेजंड’ म्हणून ओळखला जातो.

आता आडव्या स्क्रोलची युक्ती. व्ही९९३८ च्या अठराव्या रजिस्टरचं मूळ काम टीव्हीवर चित्र मध्यभागी आणण्याचं, म्हणून ते अख्खं चित्र सोळा ठिपक्यांच्या पल्ल्यात डावीउजवीकडे हलवू शकतं. टाइल पद्धतीच्या पडद्यात पार्श्वभूमी आठ ठिपक्यांच्या चौकोनांची असते. चित्र रजिस्टरने एकेक ठिपका सरकवायचं, आठ ठिपके झाले की रजिस्टर मूळ जागी आणायचं आणि त्याच क्षणी टाइलांचा तक्ता एक घर पुढे ढकलायचा. डोळ्याला सलग सरकल्यासारखं दिसतं. स्प्राइटही (पार्श्वभूमीवर वेगळी हलणारी छोटी चित्रं) चित्राबरोबर हलतात, म्हणून त्यांना दर फ्रेमला उलटं सरकवावं लागतं. कोनामीचा ‘स्पेस मॅनबो’ (१९८९) ही युक्ती वापरतो आणि वर एससीसीचं संगीत लावतो. तो जपानबाहेर विकलाच गेला नाही. टीव्हीच्या दोन्ही कडा किंचित हलताना दिसल्या तर यंत्र बिघडलं असं समजू नका, ते या युक्तीचंच लक्षण आहे. एलसीडी टीव्हीवर कडा जास्त उघड्या पडतात, कारण जुन्या ट्यूबच्या टीव्हीत तो भाग चौकटीआड जायचा.

हर्ट्झ या कंपनीचा ‘सायको वर्ल्ड’ (१९८८) त्याच्याही एक वर्ष आधीचा. अपहरण झालेल्या बहिणीच्या शोधात निघालेली ल्युसिया, तिच्याकडे मनःशक्तीची वेगवेगळी अस्त्रं, आणि ती वापरायला मर्यादित शक्ती. १९९१ मध्ये सेगाच्या गेम गिअरवर ‘सायकिक वर्ल्ड’ म्हणून आलेली आवृत्ती बऱ्याच जणांनी पाहिली आहे, ती बरीच छाटलेली आहे. मूळ गेमला एफएम संगीतही आहे, म्हणजे पॅनासॉनिकचं एफएम-पॅक कार्ट्रिज लावलं की वायएम२४१३ चिपचे आवाज ऐकू येतात. ते नसेल तर पीएसजीवरही चालतो, पण फरक मोठा आहे. एम्युलेटरवर एफएम-पॅक हे वेगळं जोड-उपकरण म्हणून हाताने जोडावं लागतं, नाहीतर ते आहे हे कळतही नाही.

‘सायको वर्ल्ड’ डिस्कवरचा आहे, म्हणून डिस्कबद्दल इथेच सांगतो. डिस्क साडेतीन इंची, दोन्ही बाजूंची, ७२० केबीची. पॅनासॉनिकच्या एफएस-ए१एफ किंवा सोनीच्या एचबी-एफ१एक्सडीसारख्या यंत्रांतले ड्राइव्ह रबरी पट्ट्यावर फिरतात. इतक्या वर्षांत तो पट्टा सैल पडतो किंवा डांबरासारखा चिकट होऊन पुलीवर वितळतो. लक्षण असं: दिवा लागतो, मोटार गुणगुणते, पण डिस्क फिरत नाही किंवा वाचताना चूक येते. जुना पट्टा काढल्यावर पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने चकचकीत होईपर्यंत पुसा. चिकटा राहिला तर नवा पट्टाही घसरतो. नवा पट्टा फार ताणलेला घेऊ नका, डिस्क मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरली पाहिजे. पट्टा बदलूनही वाचत नसेल तर हेड पुसा आणि ड्राइव्हच्या बोर्डावरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाहा, त्यांच्या पायाशी हिरवट डाग असेल तर ते गळले आहेत. १.४४ एमबीच्या डिस्कचं भोक चिकटपट्टीने झाकून काम भागवतात, पण तिचा चुंबकीय लेप वेगळा असल्याने काही महिन्यांत मजकूर उडतो. साठवणीसाठी अशा डिस्कवर भरवसा ठेवू नका.

काही गेम सुरूच होत नाहीत किंवा मध्येच बंद पडतात, कारण डिस्क ड्राइव्ह स्वतःसाठी थोडी मेमरी राखून ठेवतो. सुरू करताना कंट्रोल दाबून धरलं तर दुसऱ्या, प्रत्यक्षात नसलेल्या ड्राइव्हची जागा मोकळी होते. शिफ्ट दाबून धरलं तर ड्राइव्ह पूर्णच बाजूला होतो. पहिल्या पिढीचे कार्ट्रिज-गेम अडले की आधी शिफ्टचा उपाय करा. एम्युलेटरवर डिस्कची साधी डीएसके प्रत चालली नाही तर बहुधा मूळ डिस्कला कॉपी-संरक्षण होतं. वाकड्या रचनेचे सेक्टर डीएसकेमध्ये मावत नाहीत, डीएमके प्रकारची प्रत लागते, आणि ओपनएमएसएक्स हा एम्युलेटर ती वाचतो.

ओपनएमएसएक्सबरोबर सी-बायोस हा मुक्त बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) मिळतो. त्यावर कार्ट्रिजचे गेम छान चालतात, पण त्यात बेसिक नाही आणि डिस्कची सोयही नाही. ‘डिस्क लावली तरी काहीच होत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. तुमच्याकडे खरं यंत्र आहेच, त्याच्या सिस्टिम रॉमची प्रत काढून वापरा.

कोड्यांच्या गेमना पडदा सरकवायची गरजच नसते, म्हणून ते या यंत्रावर सर्वांत कमी म्हातारे झाले आहेत. ‘किंग्ज व्हॅली २’ (कोनामी, १९८८) सगळ्यांत आधी घ्या. सहा पिरॅमिड, प्रत्येकात दहा, असे साठ टप्पे. रत्नं गोळा करायची, दार उघडायचं, बाहेर पडायचं. कुदळ, फावडं, हातोडा, ड्रिल ही हत्यारं मोजकीच ठेवलेली असतात, आणि एका वेळी एकच हातात धरता येतं. खरं कोडं खोदण्याच्या क्रमात आहे. एक वीट चुकीच्या जागी फोडली की दहा मिनिटांनी कळतं की वर परतायची वाट आपणच बंद केली. म्हणून टप्पा सुरू झाला की एक पाऊलही न टाकता आधी सगळा पडदा वाचा: फिरती दारं कोणत्या बाजूने ढकलली जातात, कोणत्या रत्नापाशी गेल्यावर परत येता येणार नाही, ते रत्न शेवटी. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीसाठी याची स्वतंत्र कार्ट्रिजं निघाली. एससीसी दोन्हींत आहे, एमएसएक्स-२ ची चित्रं अधिक देखणी आहेत, विकत घेताना डबा नीट वाचा. टप्पे स्वतः रचायचा एडिटर आत आहे आणि रचना टेप किंवा डिस्कवर साठवता येते. घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर त्याला आधी एडिटर दाखवा.

एचएएल लॅबोरेटरीचा ‘एगरलँड मिस्टरी’ (१९८५) पुढे ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ लोलो’ या नावाने जगभर गेलेल्या मालिकेचा आरंभ आहे. हृदयं गोळा करायची, ठोकळे ढकलून शत्रूंची नजर अडवायची. आस्कीचा ‘द कॅसल’ आणि त्याचा उत्तरार्ध ‘कॅसल एक्सेलंट’ यांची जात वेगळी. शंभर खोल्यांचा एकच किल्ला, रंगीत किल्ल्या, आणि एक किल्ली एकच दार उघडते. चुकीच्या दाराला किल्ली वापरली तर गेम तसं सांगत नाही, तुम्ही तासभर पुढे जात राहता. दार उघडण्याआधी त्या रंगाची दुसरी दारं कुठे पाहिली ते नोंदवा.

कार्ट्रिज घालायचे दोन स्लॉट हीसुद्धा या यंत्राची खासियत, आणि कोनामीने तिचा गंमतीदार वापर केला. ‘ग्रेडियस’ पहिल्या स्लॉटमध्ये आणि ‘ट्विनबी’ दुसऱ्यात लावा, तुमचं विमान बदलून ट्विनबी होतं. ‘सॅलमँडर’बरोबर ‘ग्रेडियस २’ दुसऱ्या स्लॉटमध्ये असेल तरच खरा शेवट पाहायला मिळतो. ‘सॅलमँडर’ अर्धवट वाटला म्हणून सोडणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. कार्ट्रिज नेहमी यंत्र बंद करूनच घाला आणि काढा. चालू यंत्रात कार्ट्रिज काढलं तर स्लॉटचे संपर्क क्षणभर एकमेकांना लागून चिप जळू शकते. ओपनएमएसएक्समध्ये दोन्ही स्लॉटना वेगवेगळ्या फाइल देता येतात, फ्लॅश कार्ट्रिज एकच असेल तर दुसऱ्या बाजूला खरं कार्ट्रिज लावणं सोपं पडतं.

मराठी वाचकाने आवर्जून पाहावी अशी मालिका म्हणजे टी अँड ई सॉफ्टची ‘दैव’. जपानीत तिचा उच्चार ‘दीवा’ असा करतात. १९८७ च्या सुमारास या कंपनीने एकच अवकाशयुद्ध सात भागांत, सात वेगवेगळ्या यंत्रांवर सांगितलं. पहिला भाग पीसी-८८०१ वर, ‘वृत्राच्या ज्वाळा’. दुसरा एफएम-७७एव्हीवर, त्यात दुर्गा. तिसरा शार्प एक्स१ वर, त्यात निर्वाण. चौथा, असुरांच्या रक्ताचा, पहिल्या पिढीच्या एमएसएक्सवर. पाचवा, ‘सोमाचा प्याला’, एमएसएक्स-२ वर. सहावा, नासत्याच्या सिंहासनाचा, फॅमिकॉमवर, आणि सातवा, कलियुगाचा, पीसी-९८०१ वर. इंग्रजी लेखांत ही नावं इतकी मोडतोड होऊन येतात की ‘नासत्य’ म्हणजे अश्विनीकुमार हे कोणाच्या लक्षातच येत नाही. आपल्याला ती वाचताच उलगडतात. तुमच्या यंत्रावर चौथा आणि पाचवा दोन्ही चालतात. आधी ग्रह-ताऱ्यांच्या नकाशावर आरमार हलवायचं, मग अवकाशात लढाई, मग ग्रहावर उतरून बाजूने दिसणारी चकमक. यातली चकमक सर्वांत साधी आहे, आणि गेमला नावं ठेवणारे तेवढीच खेळून थांबलेले असतात. आरमाराची आखणी हा या गेमचा गाभा आहे. मजकूर जपानी आहे, पण आकडे आणि पर्याय थोडे. फोनवरच्या कॅमेऱ्याच्या भाषांतराने एकदा पर्यायांची यादी करून शेजारी ठेवली की पुरते.

कंपाइलचा ‘मादो मोनोगातारी १-२-३’ (१९९०) मात्र असा सुटत नाही. त्यात जीव किती उरला ते आकड्यांत न दाखवता मुलीच्या चेहऱ्यावरून कळतं, कल्पना फार सुंदर आहे, पण भाषा येत नसेल तर निम्मी मजा जाते. त्याच मुलीला घेऊन कंपाइलने १९९१ मध्ये केलेला ‘पुयो पुयो’ याच यंत्रावर निघाला, त्याला भाषा लागत नाही.

वीज. जपानी यंत्र १०० व्होल्टचं आहे, थेट २३० ला लावलं की पहिल्याच सेकंदाला संपलं. दुकानात मिळणारे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर बहुधा ११० व्होल्टचे असतात. आपल्याकडे रात्री व्होल्टेज २५० पर्यंत चढलं तर त्यातून १२० च्या आसपास बाहेर येतात. जादा व्होल्ट यंत्राच्या रेग्युलेटरवर उष्णता होऊन पडतात आणि आधीच थकलेले कपॅसिटर त्याने लवकर मरतात. १०० व्होल्टचा टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर मागून घ्या. यंत्रामागच्या पट्टीवर जितके वॅट लिहिले असतील त्याच्या दुप्पट क्षमतेचा. जोडण्याआधी बाहेरचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. चित्रासाठी सर्वांत सोपा मार्ग पिवळ्या पिनेचा, टीव्हीला एनटीएससी, म्हणजे जपानची टीव्ही-पद्धत, कळली पाहिजे. एकवीस पिनांचा जपानी आरजीबी सॉकेट स्कार्ट या युरोपीय टीव्ही-सॉकेटसारखाच दिसतो, पण पिनांची जोडणी वेगळी आहे. स्कार्टची केबल त्यात कधीही लावू नका.

जॉयस्टिकच्या बाबतीतही तोच सापळा. नऊ पिनांचा सॉकेट अटारी किंवा मेगा ड्राइव्हसारखाच असतो, पण एमएसएक्समध्ये पाचवी पिन ५ व्होल्ट, सहावी आणि सातवी ही दोन बटणं, आठवी संगणकाकडून येणारा संकेत आणि नववी ग्राउंड. मेगा ड्राइव्हचा पॅड आठव्या पिनेला ग्राउंड मानतो आणि सातव्या पिनेवर संगणकाकडून संकेताची वाट पाहतो, म्हणून तो थेट लावू नका, तारा बदलणारा अडॅप्टर वापरा. अडॅप्टर स्वतः बनवणार असाल तर जोडण्याआधी मल्टिमीटरने पाचव्या आणि नवव्या पिनेत शॉर्ट नाही ना तेवढं तपासा. पॅड मिळेपर्यंत बाणांच्या कळा आणि स्पेस बारवर कोड्यांचे गेम सहज खेळता येतात. ‘स्पेस मॅनबो’ आणि ‘अनडेडलाइन’ला मात्र पॅड येईपर्यंत थांबा.